उंबरठ्याबाहेरचे एक वर्ष

संत लूकच्या शुभवर्तमानातील दहावा अध्याय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रभू येशू बहात्तर शिष्यांना दोघादोघांनी आपल्यापुढे गावोगावी पाठवतो आणि निघताना सूचना करतो त्या सगळ्या सामानाच्या आणि मुक्कामाच्या. थैली नको, झोळी नको, पायतण नको. ज्या घरात उतराल तिथेच राहा, घरे बदलत फिरू नका, पुढ्यात जे येईल ते खा. गोरेगावच्या सेमिनरीत ह्या अध्यायाचा आम्ही कसून अभ्यास केला. शिष्य सत्तर की बहात्तर, कोणत्या हस्तलिखितात कोणता आकडा, बारा प्रेषितांना पाठवण्याच्या प्रसंगाशी त्याचा संबंध काय, हे सारे आमच्या वह्यांत उतरले. परंतु पुढ्यात येईल ते खाण्याचा अर्थ पुस्तकात सापडत नाही. तो परक्याच्या घरी, परक्याच्या पाटावर, त्याच्या घरात आज काय शिजू शकले आणि काय शिजू शकले नाही हे डोळ्यांनी पाहिल्यावर कळतो. शुभवार्ता सांगणाऱ्याने आधी पाहुणा व्हावे, कुणाचे तरी उपकार घ्यावेत, ही प्रभूची योजना आहे. ज्याला उपकार घेता येत नाहीत त्याला शुभवार्ताही देता येत नाही, असे तीस वर्षांच्या धर्मसेवेनंतर माझे मत झाले आहे.

ह्या लेखाचा विषय आहे तरुण-तरुणींचे फिरते पथक. सात, आठ किंवा दहा तरुण मुले-मुली नोकरी वा शिक्षण वर्षभर बाजूला ठेवतात, एकत्र राहतात, एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात जातात, तेथील शाळकरी व महाविद्यालयीन मुलांसाठी साधना-शिबिरे घेतात, घरोघरी जाऊन प्रार्थना करतात आणि आठ-दहा दिवसांनी पुढे निघतात. त्यांना वेतन नसते. जेवण आणि अंथरूण ज्या त्या गावातील कुटुंबे देतात. आमच्या भागात ही मुले येतात, तेव्हा त्यांचा एक मुक्काम बेलपाड्याला असतो.

बेलपाडा म्हणजे पनवेल तालुक्यातील खारघरला लागून असलेले मूळचे आगरी लोकांचे गाव. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ह्या पट्ट्यातील भातशेती व खाजणे हळूहळू नवी मुंबईच्या आराखड्यात गेली. आज गावाच्या भोवती उंच इमारती आहेत आणि मध्ये गाव आहे, जुन्या घरांचे, दाटीने बांधलेल्या चाळींचे, भाड्याच्या खोल्यांचे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर ही मेट्रो सुरू झाली, तिच्या अकरा स्थानकांपैकी एकाला बेलपाडा हे नाव मिळाले. खोल्यांत राहणाऱ्यांत तळोज्याच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणारे आहेत, बांधकामावरचे मजूर आहेत, घरकामाला जाणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांत आपलीही माणसे आहेत: संगमनेर, श्रीरामपूर, जालना ह्या बाजूने पोटासाठी आलेली मराठी कॅथलिक कुटुंबे. उंच इमारतींतही आपली माणसे आहेत. त्यांत वसईकर आहेत, गोवेकर आहेत, मंगळूरकर व केरळी आहेत. एकाच धर्मग्रामात, एकाच वेदीभोवती ही सारी माणसे रविवारी जमतात. परंतु चौदाव्या मजल्यावरचा माणूस चाळीत कधी गेलेला नसतो आणि चाळीतला माणूस चौदाव्या मजल्यावर गेला तर कामासाठीच गेलेला असतो.

मी स्वतः ह्या फिरत्या जीवनाची चव घेतली ती १९९४-९५ साली. तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम संपल्यावर ईशज्ञानाला आरंभ करण्यापूर्वी एक वर्ष प्रत्यक्ष सेवाकार्याचा अनुभव घ्यावा, अशी पद्धत होती. माझ्या वाट्याला सात तरुणांचे एक पथक आले. आमच्याजवळ गाडी नव्हती. एक हार्मोनियम, एक ढोलकी, स्लाइड दाखवण्याचे यंत्र आणि प्रत्येकाची एक वळकटी, एवढा संसार घेऊन आम्ही एस.टी.ने रायगड जिल्हा पालथा घातला. रेल्वे तेव्हा नुकतीच बेलापूरपर्यंत आली होती. पनवेलपर्यंत ती पोहोचायला १९९८ साल उजाडले. बेलापूरला उतरून हार्मोनियम आळीपाळीने खांद्यावर घेत आम्ही बेलपाड्याला चालत जात असू. पावसात खारघरच्या डोंगरावरून पांडवकड्याचे पाणी पांढरे दिसे आणि खाली हिरवे भात.

त्याच फेरीत आम्ही कोर्लईलाही गेलो. कुंडलिकेच्या मुखाशी, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावातील आपले बांधव पोर्तुगीजांतून जन्मलेली स्वतःची एक बोली घरात बोलतात. तिला ते ‘आमची भाषा’ एवढेच म्हणतात. तिथल्या एका आजींनी आम्हांला मराठीत जेवायला वाढले, त्या बोलीत नातवाला दटावले आणि जेवणानंतर दोन्ही मिसळून प्रार्थना केली. देवाला कोणती भाषा कळते, असा प्रश्न मला त्यानंतर कधी पडला नाही. माणसाला आपले मन कोणत्या भाषेत उघडता येते, हा प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्या सोबत आहे. त्याच वर्षी, १९९५ च्या जानेवारीत, मनिला येथे जागतिक युवा दिन साजरा झाला. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांच्या मिस्साला चाळीस लाखांहून अधिक माणसे जमल्याचे सांगितले गेले. पित्याने पुत्राला पाठवले तसे पुत्र आपल्याला पाठवतो, हा त्या वर्षीचा विषय होता. आम्ही ती बातमी एका धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर बसून वर्तमानपत्रात वाचली. त्या संध्याकाळी आमच्या कार्यक्रमाला अकरा मुले आली होती.

ही पद्धत आपल्याकडे कुठून आली, असे कोणी विचारले, तर मी परदेशाकडे लगेच बोट दाखवत नाही. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले आणि हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली मुलांना गोळा करीत फिरले. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया पंधरा-सोळा वर्षांचा असताना जेज्वीट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तेथे धर्मशिक्षकाचे काम करताना त्याने जपानी भाषा इतकी आत्मसात केली की पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर दुभाषा म्हणून त्यालाच पुन्हा जपानला पाठवण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याने क्रुसावर देह ठेवला आणि १८६२ साली तो संत म्हणून घोषित झाला. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने मराठी ओवीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या कानाला सवयीच्या असलेल्या पुराणाच्या चालीवर तारणाची कथा ऐकता यावी, ही त्यामागची तळमळ. गोव्याचे संत जोसेफ वाझ तर १६८७ साली मजुराच्या वेषात श्रीलंकेत शिरले आणि आयुष्यभर गावोगाव पायी फिरले. चौघांनीही घर सोडले, चौघांनीही परक्यांची भाषा आपली केली.

आजच्या रूपातील युवा पथके मात्र अलीकडची आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट पॉल येथे १९८१ साली अशा पथकांची एक चळवळ सुरू झाली. तिची तरुण मुले शिक्षणाच्या वर्षाइतके नऊ महिने गाडीतून फिरतात, कुटुंबांच्या घरी उतरतात आणि शाळा व धर्मग्रामांत शिबिरे घेतात. पुढे ही पद्धत कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंडपर्यंत गेली. भारतात १९८५ ह्या आंतरराष्ट्रीय युवा वर्षात केरळमध्ये ‘जीझस यूथ’ ही चळवळ आकाराला आली. तिच्यातही आयुष्यातील एक वर्ष पूर्ण वेळ देणारे तरुण असतात. प्रार्थना, देवशब्द, संस्कार, सहवास, सुवार्ताप्रसार आणि गरिबांची बाजू घेणे हे तिचे सहा आधारस्तंभ. २०१६ साली रोमने तिला आंतरराष्ट्रीय संघटना म्हणून मान्यता दिली. धर्मगुरूंनी आखलेली योजना नव्हे, तर प्रापंचिक तरुणांतून उगवलेली ही गोष्ट आहे, ह्याचे मला विशेष वाटते.

आमच्याकडे येणाऱ्या पथकाचा दिनक्रम सांगतो, म्हणजे ज्यांना हे सारे गिटार आणि टाळ्यांचे वाटते त्यांचा गैरसमज दूर होईल. पहाटे साडेपाचला उठणे. पाहुणे म्हणून राहत असल्याने यजमानांच्या आधी न्हाणीघर मोकळे करणे. सहा ते सात आराधना आणि देवशब्दावर मनन. मिस्सा. न्याहारीनंतर शाळेत सत्र, दुपारी दोघादोघांनी घरभेटी, संध्याकाळी तरुणांसाठी कार्यक्रम, त्यात एक छोटे नाटुकले, दोन-तीन गीते, एकाची साक्ष आणि गटचर्चा. रात्री साडेनऊला दिवसाचा आढावा. दहा वाजता मोबाइल एका डब्यात जमा होतात. कोणत्याही मुलाशी वा मुलीशी बंद दाराआड एकट्याने बोलायचे नाही, दोन मोठी माणसे नजरेच्या टप्प्यात असलीच पाहिजेत, हा नियम पहिल्या दिवशी सांगितला जातो आणि तो मोडणाऱ्याला घरी पाठवले जाते. त्यावर चर्चा नसते. आणखी एक नियम: आपल्याच कुटुंबांकडे आणि बोलावणे असेल तरच जायचे. कुणा शेजाऱ्याच्या मनात शंका असेल, तर ती मोकळेपणी ऐकून घ्यायची. बेलपाड्यातील एका आगरी घरमालकिणीने सुरुवातीला मला बाजूला घेऊन चौकशी केली होती. आठवड्याअखेरीस त्याच म्हणाल्या, “फादर, पोरा गानी चांगली बोलतान. उद्या जातान का?”

पथकाच्या जीवनातील खरी कसोटी कार्यक्रमात नसते. ती भांडी घासण्यात असते. नऊ माणसे नऊ घरांतून आलेली. एकाला शांतता हवी असते, दुसऱ्याला सकाळीच गाणे सुचते. एक हिशेबाला काटेकोर, दुसऱ्याचा रुमालदेखील ठिकाणावर नाही. महिन्याभरात पाहुणचाराची नवलाई ओसरते, साक्ष सांगून सांगून शब्द झिजतात, घरची आठवण येते, आणि मग टेम्पोत पुढच्या आसनावर कोण बसणार ह्यावरून दोन सुशिक्षित माणसे तीन दिवस बोलत नाहीत. आमच्या १९९४ च्या पथकात हार्मोनियम कोणी उचलायचे ह्यावरून असेच झाले होते. त्यावर उपाय एकच. आठवड्यातून एका रात्री साऱ्यांनी वर्तुळात बसायचे, मध्ये मेणबत्ती, आणि ज्याच्याविषयी मनात काही साचले आहे ते त्याच्या तोंडावर, सौम्य शब्दांत, सांगायचे. त्यानंतर क्षमा मागायची. मंचावरून देवाच्या क्षमेविषयी बोलणे सोपे आहे. शेजारी झोपणाऱ्याला क्षमा करून त्याच्या ताटात आपल्या हाताने वाढणे कठीण. शाळेतील मुलांना हा फरक लगेच कळतो. पथकात अबोला असेल, तर उत्तम नाटुकलेही निर्जीव होते. मुले काही बोलत नाहीत, पण मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते.

आईवडिलांचेही मन समजून घेतले पाहिजे. मुलगा अभियंता झाला, नोकरी लागली, कर्जाचे हप्ते सुरू झाले आणि तो म्हणतो, मी एक वर्ष देवासाठी देतो. मुलगी चोवीस वर्षांची, स्थळे येत आहेत, ती म्हणते, पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबा. घरात वादळ उठते. किती तरी पालक माझ्याकडे आले आहेत. एक पिता मला म्हणाले, “फादर, देवाला एक रविवार दिला, एक तास दिला, वर्ष कशाला?” त्यांच्या ह्या प्रश्नात राग कमी आणि भीती अधिक होती. स्पर्धेच्या जगात एक वर्ष मागे पडलेला मुलगा पुन्हा रांगेत उभा राहू शकेल काय, ही ती भीती. तिला मी हसण्यावारी नेत नाही. मी एवढेच सांगतो की परत आलेली मुले मी पाहिली आहेत. ती सगळी संत झालेली नाहीत. परंतु त्यांना परक्या घरात जमिनीवर झोपता येते, न आवडणाऱ्या माणसाबरोबर काम करता येते आणि चारचौघांत आपला विश्वास न लाजता सांगता येतो. संसाराला ही शिदोरी थोडी नव्हे.

आता बेलपाड्यातील एका तरुणाविषयी लिहितो. नाव मुद्दाम देत नाही. वय तेवीस. मूळ गाव श्रीरामपूर तालुक्यातील. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात आईचे बोट धरून गेलेला. वडील वारल्यावर शिक्षण सुटले आणि तो तळोज्याला कंत्राटी कामगार म्हणून आला. चाळीतील एका खोलीत तिघे राहतात. मंदिरात तो क्वचित येई; आला तरी शेवटच्या रांगेच्या मागे, चप्पल न काढता, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. आमचे युवकांचे कार्यक्रम बहुतेक इंग्रजीत होतात. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना ते साहजिकच वाटते. ह्या मुलाला गीताचे शब्द भिंतीवर दिसत, पण वाचता येत नसत. त्याच्या गावी मिस्साला ढोलकी होती, भजन होते. इथे त्याच्या देवाची भाषा बदलली होती आणि त्याला कोणी कळवलेही नव्हते.

गेल्या वेळी पथक आले तेव्हा दोन मुलांसाठी जागा कमी पडली. ह्या तरुणाने विचारले, माझ्या खोलीत चालेल काय? दोघे तिथे उतरले. त्यांतला एक वसईचा, संगणकाच्या कंपनीतील नोकरी सोडून आलेला. यजमानाची दुसरी पाळी असे. तो रात्री साडेअकराला घरी येई. त्या रात्रींपुरते पथकाच्या प्रमुखाने दोघांना नियमातून सूट दिली. दोघे जागे राहत. तो स्टोव्हवर अंडी फोडी, सकाळच्या भाकरी गरम करी आणि तिघे एकाच ताटात जेवत. दुसऱ्या रात्री वसईकराने ढोलकी काढली. तिसऱ्या रात्री शेजारच्या खोलीतील चार जण आले. त्यांनी आपल्या गावाकडची भजने म्हटली. वसईकराला ती येत नव्हती, म्हणून तो साथ देत राहिला. आयुष्यात प्रथमच त्या कामगारांना शिकवायला कोणी न येता शिकायला कोणी आले होते.

चौथ्या रात्री त्या तरुणाने विचारले, “दादा, परवा तुम्ही जाणार. मग?”

हा प्रश्न वसईकराने दुसऱ्या दिवशीच्या आढाव्यात सर्वांपुढे ठेवला. मी तेथे होतो. कोणी म्हणाले, आपण फोनवर संपर्क ठेवू. कोणी म्हणाले, दोन महिन्यांनी पुन्हा येऊ. पथकाची प्रमुख पालघरकडची एक परिचारिका होती, वय सव्वीस. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपल्याला जे पाळता येणार नाही ते वचन देऊ नका. पुढच्या गावी गेलो की तिथल्या मुलांत आपण गुंतणार आणि त्याचा फोन घ्यायला विसरणार. त्याला आपली गरज नाही. त्याला इथे राहणारे कोणीतरी पाहिजे. जाण्यापूर्वी त्याचा हात कोणाच्या तरी हातात देऊ.” माझ्या दृष्टीने युवा सेवाकार्याचे सारे शास्त्र ह्या पाच वाक्यांत आहे.

शोध सुरू झाला. इमारतीत मुलाकडे राहणाऱ्या एक वसईच्या आजी होत्या. वय पंच्याहत्तर, गुडघे दुखणारे. नातवंडे घरात इंग्रजी बोलत. आजींची मराठी जपमाळ त्या खिडकीत बसून एकट्याच म्हणत. परिचारिकेने त्यांना विचारले, “आजी, चाळीत याल का?” आजी म्हणाल्या, “मला कोण बोलावतो गं?” दुसऱ्या दिवशी त्या काठी टेकत बेलपाड्यात आल्या. सोबत त्यांनी सुकट घातलेली वांग्याची भाजी आणली होती. त्या तरुणाच्या खोलीत प्लास्टिकच्या एकुलत्या एका खुर्चीवर त्यांना बसवले, बाकीचे खाली. पथक ठरल्याप्रमाणे परवा निघून गेले.

ह्या गोष्टीचा शेवट गोड करून सांगण्याचा मोह मी टाळतो. त्याची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना ठरली. पहिल्या गुरुवारी अकरा माणसे होती, आता पाच-सहा असतात. एक जण कंत्राट संपल्याने गावी गेला, एकाची पाळी बदलली. तो तरुण दर रविवारी मिस्साला येतो असेही नाही. परंतु येतो तेव्हा चप्पल काढून आत येतो. आजींच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा गुरुवारची प्रार्थना चौदाव्या मजल्यावर झाली. तळोज्याच्या कारखान्यातील तीन कामगार त्या इमारतीच्या उद्वाहकातून कामासाठी नव्हे, तर पाहुणे म्हणून वर गेले. दारावरच्या रखवालदाराने त्यांना कोणाकडे जायचे म्हणून हटकले, तेव्हा आजींचा नातू त्यांना न्यायला खाली आला. तो नातू आता ढोलकी शिकतो आहे.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१८ सालच्या तरुणांविषयीच्या सिनडनंतर २५ मार्च २०१९ रोजी ‘ख्रिस्त जिवंत आहे’ हे बोधपत्र दिले. त्यात त्यांनी युवा सेवाकार्याच्या दोन दिशा सांगितल्या आहेत: दूर असलेल्या तरुणांपर्यंत पोहोचणे आणि जवळ आलेल्यांना वाढवणे. पहिली दिशा पाहुण्याची आहे, दुसरी शेजाऱ्याची. फिरते पथक पाहुणा होऊन येते; उंबरठा ओलांडण्याचे धाडस त्याच्यात असते, कारण त्याला इथल्या मानापमानाशी देणेघेणे नसते. धर्मग्राम हा शेजारी आहे. वर्षाचे बारा महिने तो तिथेच असतो, आणि म्हणूनच त्याला शेजारच्या दाराची सवय होऊन जाते, ते बंद आहे हे दिसेनासे होते. पाहुण्याने दार उघडावे आणि शेजाऱ्याने ते उघडे ठेवावे. शिबिराच्या रात्री डोळ्यांत आलेले पाणी खोटे नसते; परंतु त्या पाण्यावर शेत पिकवायचे असेल, तर गावात कोणीतरी बांध घालणारा हवा. नाही तर पुढच्या वर्षी तेच शिबिर, तीच गीते, तेच अश्रू, आणि मुले तेवढी निराळी.

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी हाती घेतली तिच्याकडे येतो. काही महिन्यांपूर्वी त्या तरुणाने मला विचारले, “फादर, मला पथकात जाता येईल का?” मला आनंद झाला आणि पुढच्याच क्षणी त्या प्रश्नाचे वजन जाणवले. वसईकराने वर्ष दिले, तेव्हा त्याच्या घरातील चूल पेटत राहिली. वडिलांची नोकरी होती, बहीण कमावती होती. ह्या मुलाने वर्ष दिले, तर त्याच्या आईला दरमहा जाणारे पैसे बंद होतील. म्हणजे देवाला वर्ष देण्याचा मानही ज्याच्या घरी साठवण आहे त्यालाच मिळायचा काय? आपली पथके आजवर ह्याच एका कारणाने सुखवस्तू घरांतील मुलांची राहिली आहेत, आणि म्हणूनच ती चाळीतील मुलांची भाषा बोलत नाहीत. प्रभूने बहात्तरांना पाठवताना झोळी नको म्हटले खरे. पण त्यांची घरे उपाशी राहावीत, अशी त्याची इच्छा होती असे मला वाटत नाही. पेत्राच्या सासूचा ताप त्यानेच उतरवला होता. घर सोडून आलेल्यांच्या घराची त्याला काळजी होती.

हा विषय मी धर्मग्राम सल्लागार मंडळापुढे ठेवला. एक सदस्य म्हणाले, स्वयंसेवकाच्या घरी पैसे पाठवले तर तो स्वयंसेवक कसला, तो नोकर झाला. दुसरे म्हणाले, आज एक, उद्या दहा येतील. ह्या हरकती विचार करण्यासारख्या आहेत. शिवाय त्या तरुणाने स्वतःच सांगितले, “आईला फुकटचे पैसे चालणार नाहीत.” ह्या वाक्यातील स्वाभिमानापुढे मी नम्र झालो. निर्णय अजून झालेला नाही. परंतु सभेनंतर दोन कुटुंबे मला एकेकटी भेटली. एकाने त्या माउलीच्या शिलाई यंत्राला मोटर बसवून देण्याचे आणि धर्मग्रामातील मुलांचे शाळेचे गणवेश तिच्याकडून शिवून घेण्याचे सुचवले. दुसऱ्याने कारखान्यातील आपल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला भेटून वर्षानंतर त्या मुलाला कामावर परत घेण्याची विनंती करण्याचे कबूल केले. हे दान नव्हे, ही वाटणी आहे. एका घरचा मुलगा सर्वांच्या वतीने जातो, म्हणून सर्वांनी त्याच्या घराचा थोडा थोडा भार उचलायचा. आपल्या गावांत कोणाच्या घरी लग्न निघाले की शेजारणी न बोलावता तांदूळ निवडायला येत, त्यात कोणाला उपकार वाटत नसे.

वाचकहो, २०२३ च्या ऑगस्टमध्ये लिस्बनला जागतिक युवा दिनासाठी सुमारे पंधरा लाख माणसे जमली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये रोमजवळ तोर वेर्गाताच्या मैदानावर सुमारे दहा लाख. पुढील मेळावा २०२७ साली सोलला ठरला आहे आणि त्यासाठी आपल्यातील काही कुटुंबे आतापासून पैसे जमवत असतील. त्यांनी अवश्य जावे. परंतु सोलला जाण्याआधी आपल्या इमारतीखाली उतरून एकदा चाळीत जाता आले, तर तीही यात्राच ठरेल. पथक आपल्या गावी आले की दोन मुलांना घरी उतरवून घ्या. वेगळा स्वयंपाक करू नका, रोजचे वाढा. त्यांना आपल्या मुलांबरोबर जमिनीवर झोपू द्या. आणि आपल्या मुलाने वा मुलीने एक वर्ष मागितले, तर नाही म्हणण्यापूर्वी त्यांना विचारा की ते कोणाकडे जाणार आहेत. उत्तर ऐकून कदाचित आपलाच विचार बदलेल.

पथकाचे नवे वर्ष जूनमध्ये सुरू होते. मंडळाची पुढची सभा त्याआधी आहे. त्या तरुणाने कामावर अजून काही सांगितलेले नाही, पण गुरुवारी मला भेटला तेव्हा म्हणाला, “फादर, मी इंग्रजी गाणी वाचायला शिकतोय. तिकडच्या पोरांनाही कळलं पाहिजे ना.”